तीन टेबलांची सावड

"मग, जिंकलं कोण?" राजलक्ष्मी मॅडमनी विचारले.

बारामतीच्या कार्यालयातील त्या थंडगार खोलीत, भिंतीवर उमटलेल्या, परत आलेल्या पेट्यांच्या आलेखातील तीन रंगीत पट्ट्यांपुढे अयान बागवान हातातील पेनाची उगाच उघडझाप करीत उभा होता. सिद्धांत म्हणजे आखाड्यात उतरलेले पैलवान नव्हेत, हे त्याला कितीदा तरी सांगायचे होते. माणूस शिकतो कसा आणि कामात त्याचे मन लागते कशाने, या एकाच घराच्या त्या वेगवेगळ्या खिडक्या आहेत, असे एक सुरेख वाक्य इंदापूरहून येताना त्याने स्कूटरवर घोळवून घोळवून घडवलेही होते. पण मॅडमनी घड्याळाकडे पाहिले, आणि ते वाक्य ओठांशी येऊन विरून गेले.

"आकडे पाहिले तर... पहिलं टेबल," तो म्हणाला.

"बक्षीस आणि शिक्षा! मी म्हणतच होते. आमच्या सासऱ्यांनी सगळा धंदा ह्याच दोन गोष्टींवर उभा केला."

"पण मॅडम, अजून काही आठवडे थांबलो तर—"

"हंगाम थांबतो का? पुढच्या सोमवारपासून सगळ्या टेबलांना लाल टोप्या. आणि ते तीन नंबरचं बंद करा. सर्वांत जास्त पेट्या त्यांच्याच परत येतात."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे त्या बायका कमी करायच्या. दुसरं काय? शनिवारी मी पॅकहाऊसला येते. तोवरचे आकडे घेऊ, आणि सगळ्यांसमोर तुम्हीच नीट समजावून सांगा. ते झालं की तुमच्या कायम होण्याचं पत्र काढू."

"हो मॅडम," अयान म्हणाला.

जिन्यावरून उतरताना त्याला स्वतःचा इतका संताप आला, की तो दोन पायऱ्यांमध्येच थांबला. नाही म्हणायला जीभ लागते. हो म्हणायला त्याच्या बाबतीत तीही लागत नसे. मान आपोआप हलत असे.

भवानीनगरच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या पॅकहाऊसच्या पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये डाळिंबांची प्रतवारी चाले. आसपासच्या गावांतील बायका टेबलांशी उभ्या राहून फळे निवडत, पेट्या भरत. पुढे बारामतीत तपासणी होई. तेल्या रोगाचा डाग, उन्हाचा चट्टा, देठाजवळचा बारीकसा तडा, असे काही सापडले की अख्खी पेटी परत येई. पेट्या फार परत येऊ लागल्या, तेव्हा मॅडमनी मानसशास्त्र शिकलेला एक मुलगा प्रशिक्षण अधिकारी म्हणून तात्पुरता नेमला. तो अयान. त्याचे वडील रसूलभाई इंदापूरच्या बाजारात फळांचा गाळा चालवीत. नेमणूक कळली तेव्हा ते टरबुजांच्या ढिगाआडून म्हणाले होते, "पिढ्या गेल्या आपल्या डाळिंबं निवडण्यात. त्याला कॉलेज लागतंय हे म्हाईत न्हवतं."

अयानने मॅडमपुढे तुलना मांडली होती. टेबले तीन आहेत. तिन्हींवर तीन रीती चालवून पाहू. पहिल्या टेबलावर बक्षीस आणि शिक्षा: आठवडाभर जिच्या पेट्या निर्दोष ठरतील तिला स्टीलचे भांडे, आणि जिची पेटी परत येईल तिने दिवसभर लाल टोपी घालायची. टोपीची कल्पना मॅडमची. त्याने मान हलवली होती. दुसऱ्या टेबलावर पाहून शिकणे: एक जाणती बाई मध्यभागी, नवख्या भोवती. आणि तिसऱ्या टेबलावर ज्याच्यावर त्याचा मनापासून विश्वास होता ते: माणसाला आपले काम आपण ठरवू द्यावे, म्हणजे उमेद आतून उगवते. तिथे टोपी नाही, भांडे नाही, ओरडणे नाही. त्या टेबलाचा विचार मनात आला की एखाद्या शांत तळ्याच्या काठी बसल्यासारखे त्याला वाटे.

प्रत्यक्षात त्या तळ्यात पहिल्या दिवसापासून बेडूक ओरडू लागले. स्वातंत्र्य मिळताच तिसऱ्या टेबलावरच्या बायकांनी टेबलच भिंतीला सारले आणि खाली पोती अंथरून त्या ऐसपैस बसल्या. मग चहा कधी घ्यायचा यावरून त्यांचे दोन तट पडले. आठवडा सरला तशा सगळ्या मिळून अयानपुढे येऊन उभ्या राहिल्या. "सर, तुमीच ठरवा बगू. आमी ठरवलं आन चुकलं, तर बोल आमालाच." दुसऱ्या टेबलाची तऱ्हा त्याहून वेगळी. तिथली जाणती बाई डावरी होती. नवख्या मुली इतक्या मनापासून पाहून शिकल्या, की सगळ्या डाव्या हाताने निवडू लागल्या आणि कामाचा वेग निम्म्यावर आला. शिवाय, "ह्या पोरी माज्याकडं टक लावून बसत्यात, मला घास गिळवंना झालाय," म्हणून ती बाई दोन दिवस घरीच राहिली.

पहिल्या टेबलावर मात्र सारे सुरळीत होते. इतके सुरळीत, की लाल टोप्या खुंटीवरून कधी उतरल्याच नाहीत.

दुपारी अयान शेडमध्ये पोहोचला, तेव्हा बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग कारखान्याकडे सरकत होती आणि हवेत मळीचा गोड-आंबूस वास कोंदून राहिला होता. तो तिसऱ्या टेबलाशी, म्हणजे पोत्यांशी, गेला. म्हाळसाबाई हातातल्या डाळिंबाला फडक्याने पुसत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, सडसडीत, कपाळावर ठसठशीत कुंकू. लहानपणी बापाच्या मेंढरांमागे हिंडलेल्या, त्यामुळे त्यांचा आवाज शेडच्या दुसऱ्या टोकाला सहज जाई.

"या सर. बसा की पोत्यावर. मोकळं ठेवलंय तुमच्यासाठी."

अयान बसला नाही. बोलायचे ते उभ्यानेच बोलून टाकावे म्हणजे सुटू, असे त्याला वाटले. "मावशी, तुमच्या पेट्या फार परत येतात. मॅडम म्हणतात, हे टेबल बंद करायचं. शनिवारी सांगणार आहेत."

म्हाळसाबाई हसल्या. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचे हसू अर्ध्यावरच थांबले. "बंद? आन आमी?"

त्याने मान खाली घातली.

"पर तुमीच सांगितलं न्हवं, ह्या टेबलाला शिक्षा न्हाय म्हणून? सगळ्यांम्होरं सांगितलं."

"शिक्षा नव्हतीच, मावशी. पण—"

"पण काय? घरी बसवायचं म्हंजी मग बक्षीस हाय व्हय?" आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "दगडाबाई! ए दगडाबाई! हितं ये आदी. तुजी सावड लई म्हागात पडली बग!"

पहिल्या टेबलाच्या म्होरक्या दगडाबाई हात पुसत आल्या. ठेंगण्या, रुंद, कासोटा घट्ट मारलेल्या. दोघी एकाच गावच्या, आणि अयानसमोर त्या असे भांडू लागल्या की मधे तो आहे हेही विसरल्या.

"मी काय बळजोरी केली का? तूच म्हणालीस, टाक हिकडं."

"म्हणाले, कारन आमाला काय व्हणार न्हवतं! आता टेबलच मोडायला निगाल्यात!"

"काय टाक?" अयानने विचारले. कुणी ऐकले नाही. "मावशी, काय टाक म्हणालात?" त्याचा आवाज त्याच्याही नकळत चढला होता. दोघी दचकून गप्प झाल्या.

मग हळूहळू उलगडा झाला. खुरपणीला जशी या गावांत सावड असते, आज साऱ्याजणी तुझ्या रानात, उद्या साऱ्याजणी माझ्या, तशीच या बायकांनी शेडमध्येही घातली होती. पहिल्या टेबलावर हाताला संशयाचे फळ लागले, की ते गुपचूप पाटीत पडे. पाटी पोत्यांकडे येई. आणि तिसऱ्या टेबलाच्या पेटीत ते भरले जाई. तिथे शिक्षा नव्हती. बदल्यात पहिल्या टेबलाला मिळणारी भांडी तिन्ही टेबलांवरच्या बायकांच्या घरी पाळीपाळीने जात.

"दुसरं टेबलही ह्यात आहे?" अयानने विचारले.

"तर! गेल्या खेपेचं पातेलं तिकडंच गेलं. झाकण माज्याकडं राहिलंय, ते द्यायचं हाय."

 केवढ्या जपून अयानने ते आकडे मांडले होते! किती संध्याकाळी त्या पट्ट्यांकडे पाहत, आपलाच सिद्धांत का हरतो आहे, आपल्यात काय कमी पडले, असे स्वतःला कुरतडत घालवल्या होत्या!

"तुम्ही मला एका शब्दाने सांगितलं असतंत तर?" तो म्हणाला. "माझा सगळा अभ्यास पाण्यात गेला, मावशी. कुणी काय शिकलं, कशानं शिकलं, काही म्हणजे काही कळायला मार्ग उरला नाही. मी इथे वेड्यासारखा..." 

"अभ्यास तुमचा व्हता, सर. डोकं आमचं व्हतं," दगडाबाई म्हणाल्या. "त्या डोक्यावर तुमी टोपी ठेवाय निगाला. हितला आयशर कोन चालवतंय? राम. माजा जावई. त्याच्याम्होरं मी आजवर डोक्यावरचा पदर ढळू दिला न्हाय. आन तांबडी टोपी घालून हुबी ऱ्हाऊ? लेकीला काय तोंड दावू?"

 अयानच्या कुठल्याही पुस्तकात जावई नव्हता.

"जाऊ द्या, तोडगा सोपा हाय," दगडाबाईंनी कपाळावरचा घाम टिपला. "सावड म्हंजी फेड आली. ह्या हप्त्यात उलटं करू. म्हाळसाचं डागी फळ आमच्या पेट्यांत. राम माल घिऊन वाशीला चाललाय, शनवारशिवाय येत न्हाय. घालू की टोप्या चार दिस."

"असं करू नका," अयान म्हणाला. पण ते 'नका' इतके क्षीण होते, की त्याला स्वतःलाच त्याची लाज वाटली. कारण त्याच क्षणी त्याला भिंतीवर तिसरी पट्टी खाली आलेली, पहिली उंच गेलेली दिसली होती. मॅडम त्याच्या खिडक्यांचे वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेत आहेत, असेही दिसले होते.

घरी रात्रीच्या जेवणाला त्याने रसूलभाईंना सगळे सांगितले. ते भाकरी मोडता मोडता हसत सुटले. त्याची अम्मी शमशाद मात्र हसली नाही. "त्या बायका खोटं बोलल्या ते अब्रूसाठी," ती म्हणाली. "पर तू गप बसलास, ते कुणासाठी?" अयानने पाण्याचा तांब्या उचलला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला.

चार दिवस पहिल्या टेबलावर लाल टोप्या फिरत राहिल्या. शेडच्या त्या राखाडी उजेडात त्या इकडून तिकडे सरकताना तो दुरून पाहत असे. बायका हसत होत्या, एकमेकींना 'हवालदार' म्हणत होत्या. पण दगडाबाई हसत नव्हत्या. बाहेर गाडीचा आवाज आला, की त्यांचा हात आधी टोपीकडे जाई.

शनिवारी राजलक्ष्मी मॅडम आल्या. येताना त्यांनी एका व्याख्यात्याची चित्रफीत ऐकली होती आणि त्यांचा चेहरा उत्साहाने उजळला होता. शेडमध्ये टेबले बाजूला सारली गेली. बायका पोत्यांवर बसल्या. मागे, मोठ्या दाराशी, नुकताच वाशीहून परतलेला राम किल्ल्या फिरवीत उभा राहिला. दगडाबाईंनी त्याला पाहताच टोपी काढून मांडीखाली दडवली.

"मी मोकळ्या मनाची आहे," मॅडमनी सुरुवात केली. "आकडे बदलले की मी मत बदलते. ह्या आठवड्यात तीन नंबरच्या टेबलाची एकही पेटी परत आलेली नाही. एकही! अयान, तुम्ही म्हणत होता ते खरं ठरलं. माणसाला मोकळीक दिली की तो शिकतो, थोडा उशिरा शिकतो, पण शिकतो. टाळ्या वाजवा सगळ्यांनी."

टाळ्या पडल्या. म्हाळसाबाईंनी सर्वांत मोठ्याने वाजवल्या.  हे सगळे खोटे असूनही अयानला सुख वाटत होते, आणि त्या सुखाचीच किळस येत होती.

"आणि पहिल्या टेबलानं तर कमालच केली," मॅडमचा स्वर बदलला. "इतक्या पेट्या परत? म्हणजे शिक्षेला निर्ढावल्यात तुम्ही. तेव्हा तीन नंबर राहील. एक नंबर बंद. अयान, कारण समजावून सांगा त्यांना."

 दगडाबाईंचे तोंड किंचित उघडे राहिले होते. म्हाळसाबाई अयानकडे पाहत होत्या.

हे आपल्याला आधी का सुचले नाही, याचा अयानला संताप आला. मॅडमचा आला, बायकांचा आला, त्या व्याख्यात्याचाही आला. उलटे करा की सुलटे करा, तळाशी कुणीतरी राहणारच होते, आणि मॅडमचे लक्ष तळाकडेच होते. तो उभा राहिला. जपून घडवलेले एकही वाक्य त्याच्यापाशी नव्हते.

"मॅडम, हे आकडे खोटे आहेत. ह्या आठवड्याचे, आणि त्याआधीचेही. मला सोमवारी कळलं होतं. मी बोललो नाही."

"खोटे म्हणजे? बारामतीची तपासणी खोटी?"

"तपासणी खरी आहे. टेबलं खोटी आहेत. फळं इकडची तिकडे जात होती. कधी ह्यांची त्यांच्याकडे, कधी त्यांची ह्यांच्याकडे. आपण तीन टेबलं समजत होतो. इथे एकच टेबल होतं, मॅडम. पहिल्यापासून."

"म्हणजे फसवणूक."

"भीती," अयान म्हणाला.  "टोपीची. आणि ती टोपी मी अडवली नाही. तिन्ही टेबलांची बेरीज करून पाहिली मी. जेवढ्या पेट्या मी यायच्या आधी परत येत होत्या, जवळजवळ तेवढ्याच आजही येतात. बक्षिसानं नाही, शिक्षेनं नाही, मोकळिकीनंही नाही. कुठलंच टेबल वाईट ठरत नाही. मग बंद कुठलं करणार?"

"आणि तुमचा सिद्धांत?"

"मला माहीत नाही."

ते उच्चारताच त्याला वाटले, इतक्या महिन्यांत या शेडमध्ये आपण बोललेली ही पहिली खरी गोष्ट.

मॅडमनी दाराकडे पाहिले. बाहेर माल चढवायला गाडी उभी होती, शेडमधील फळे संध्याकाळपर्यंत भरायची होती. अशा वेळी एक टेबल मोडणे म्हणजे स्वतःचाच माल अडवणे, हे त्या धंद्यातल्या बाईला कुणी सांगावे लागले नाही. "टेबलं राहू देत," त्या अखेर त्रासून म्हणाल्या. "पण नियम तो नियम. चूक झाली आहे. टोपी कुणीतरी घालायला हवी. कोण घालणार, बोला!"

बायकांनी माना खाली घातल्या. दाराशी किल्ल्यांचा आवाज थांबला.

अयानने खुंटीवरची एक लाल टोपी काढली आणि घातली. ती त्याला मोठी होत होती, कानांवर आली. कुणीतरी फिसकन हसले आणि दाबले.

"तुमच्या पत्राचं आता हंगामानंतर बघू," एवढेच म्हणून मॅडम गाडीकडे निघून गेल्या.

दुपारभर तो टोपी घालून पेट्या मोजत, वाकत, उचलत राहिला. डोके खाजत होते. मनात कुठलीही मोठी भावना नव्हती. फक्त चिडचिड, आणि तिच्या तळाशी, थंडीतल्या उन्हासारखे, काहीतरी थोडेसे उबदार. फोन वाजला. मॅडमनी त्या व्याख्यात्याची चित्रफीत पाठवली होती. 'चौथा सिद्धांत. पाहा आणि कळवा.' त्याने फोन पालथा घातला.

सुटीच्या वेळी राम गाडीत शेवटची पेटी चढवून वळला आणि त्याला पाहून खदखदला. "काय सर! शिकवाय आलाव आन टोपी घालून बसलाव? कारखान्यावर दावाय फोटू काढू का?"

"जावईबापू," मागून आवाज आला, "हसू नगा."

दगडाबाई पदर सावरत येत होत्या. रामने घाईने चेहरा सरळ केला. त्या त्याच्याकडे न पाहता अयानपाशी आल्या, टाचा उंचावून त्यांनी त्याच्या डोक्यावरची टोपी काढली आणि आपल्या पदरावरून आपल्या डोक्यावर बसवली. मग जावयाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"मावशी, अहो—"

"गप बसा, सर. सावड हाय." त्यांचा चेहरा उन्हात तापल्यासारखा लाल झाला होता, पण हात टोपीकडे गेला नाही. "दुपारपास्नं तुमी वाहिली. आता उरल्याली माजी."

राम किल्ल्या हातात घट्ट धरून, जमिनीकडे पाहत उभा होता. मग तो गुपचूप गाडीत चढला. म्हाळसाबाई पोती झटकायच्या थांबल्या होत्या.

"काय वास मारतीया ही," दगडाबाई नाक मुरडून म्हणाल्या. "सर, धुतली न्हवती व्हय कुणी कधी?"

"नाही, मावशी," अयान म्हणाला. "वापरायचीच नव्हती ती."